ऐकणाऱ्याची बाजू

(वाशी येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘माणसाच्या जगण्यात गोष्टीचं स्थान’ असा विषय मला दिला गेला आहे. या विषयावर बोलायचं म्हटलं की वक्ता गुहेतल्या शेकोटीपासून निघतो आणि आजीच्या मांडीवर येऊन थांबतो. वाटेत पंचतंत्र लागतं, इसाप लागतो. ते सगळं तुम्ही ऐकलेलं आहे, आणि त्या शेकोटीभोवती नेमकं काय चालायचं हे बघायला आपल्यापैकी कोणीच नव्हतं. तेव्हा तो रस्ता सोडून देऊ.

गोष्ट सांगणाऱ्यांचं कौतुक मराठीत पुष्कळ झालं आहे. कीर्तनकार, शाहीर, गोंधळी, चित्रकथी यांच्यावर ग्रंथ आहेत. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीच्या कथाकथनाला लोक कशी गर्दी करत, हे जुनी माणसं अजून सांगतात. पण त्या गर्दीतल्या माणसाबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. तो तिकीट काढून आला, हसला, घरी गेला. मी आज त्याची बाजू मांडणार आहे. गोष्ट टिकते ती ऐकणाऱ्याच्या बळावर, असं माझं म्हणणं आहे. आपण बसलो आहोत त्या या नवी मुंबईत सांगण्यासारखं भरपूर आहे, सांगणारेही आहेत. वाण आहे ती ऐकणाऱ्यांची.

सुरुवात पैठणपासून करतो. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या आरंभीच ही हकिकत येते. पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत शिकवायला किती काळ लागेल यावरून दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं, शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. शर्ववर्म्याने बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. हरलेल्या गुणाढ्याने पैजेप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि विंध्याच्या रानाची वाट धरली. तिथे तो पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी पोथी राजाकडे नेली. राजाने भाषा कुठली ते पाहिलं, रक्ताची अक्षरं पाहिली, आणि पोथी परत पाठवून दिली.

मग गुणाढ्याने अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती जमली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केलं की खाण्यातलं मांस सुकं आहे. स्वयंपाक्यांना जाब विचारला, त्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं. शिकारी म्हणाले, महाराज, जनावरं खातच नाहीत, एक ब्राह्मण त्यांना काहीतरी वाचून दाखवतोय. राजा तिथे पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख तेवढा हाती लागला. आज तर ती मूळ बृहत्कथाही नाही, तिच्यावरून झालेले संस्कृत ग्रंथ आहेत.

या कथेत सगळे लोक रक्ताच्या शाईवर थांबतात. मला राजाचं ताट महत्त्वाचं वाटतं. पोथी परत पाठवताना त्याला काही वाटलं नाही. मांस सुकं लागलं तेव्हा चौकशी सुरू झाली. सत्ता गोष्ट ऐकायला येते ती बहुतेक वेळा स्वतःच्या ताटावर परिणाम झाल्यावरच. हे ध्यानात ठेवा, पुढे जासईला पोचल्यावर लागेल.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना ऐकणाऱ्याची किंमत ठाऊक होती. जनमेजय विचारतो म्हणून वैशंपायन महाभारत सांगतो आणि शौनक विचारतो म्हणून उग्रश्रवा ते पुन्हा सांगतो. प्रश्न थांबले की ग्रंथ थांबला. रामायणाच्या उत्तरकांडात तर खुद्द राम श्रोता आहे. दोन पोरं त्याच्याच यज्ञात त्याचंच चरित्र गाऊन दाखवतात, आणि ही आपली मुलं आहेत हे बापाला ते गाणं ऐकता ऐकता कळतं. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काही मागितलं असेल तर ते अवधान.

अलीकडचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. समोर राजबंदी बसलेले असत, आणि त्यांतले एक ते बोलणं भराभर उतरवून घेत. ते साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या उतरवण्यातून आपल्या हाती आलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अगदी थोड्या दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकाची बांधणी आठवा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात रोज रात्री मित्र जमतात आणि श्याम सांगतो. आईच्या आठवणी सरळ लिहिता आल्याच असत्या. पण दर आठवड्याला दुसऱ्याचं बोलणं कान देऊन टिपलेल्या या माणसाला स्वतःचं सांगताना समोर कोणीतरी बसलेलं हवं होतं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. महाराष्ट्र साने गुरुजींना सांगणारे म्हणून ओळखतो. धुळ्यात ते ऐकणारे होते, आणि ते आधी घडलं.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाला स्वतःचे दोन भाग करावे लागले, एक सांगणारा आणि एक ऐकणारा. पांढरपेशा वाचक कसं ऐकेल याची खात्री नसल्यामुळे त्यांनी आपला श्रोता आपणच नेमला असावा. हा माझा तर्क आहे, पटला तर घ्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आराखड्यात आलं. आखणी करणारी माणसं हुशार होती यात शंका नाही. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून ठेवलेले धारण तलाव आजही कामाला येतात. शाळा, बाजार, बागा, स्मशान, सगळ्यांना नकाशात जागा मिळाली. सेक्टरांना आकडे मिळाले. पण सेक्टर सतरामध्ये पूर्वी काय घडलं, असं कोणी कोणाला विचारत नाही. आकड्याला भूतकाळ नसतो, निदान तसा समज होतो.

गावांना तो होता. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे, घणसोली, गोठिवली. इथे खाडीचं पाणी अडवून खाजणात भात पिकवत, मिठागरं चालवत, मासळी धरत. कुठला बांध कोणत्या वर्षी फुटला आणि तो बांधायला कोणत्या गावातून माणसं आली, हे घराघरांत सांगितलं जाई. बांध एकट्यादुकट्याचा नसतोच, त्यामुळे त्याची आठवणही सामाईक राही. जमीन संपादनात गेली तेव्हा तिचा मोबदला ठरला, कमी की जास्त तो वाद वेगळा. बांधाच्या आठवणींचा पंचनामा कोणी केला नाही.

तरी एक दालन उघडं राहिलं, आणि ते बायकांनी उघडं ठेवलं. आगरी लग्नाच्या मांडवात धवलारीण बसते. प्रत्येक विधीचा धवला वेगळा. देवांना आवतण, पूर्वजांना आवतण, मग देवादिकांच्या लग्नांचे दाखले देत देत ती नवरानवरीला पुढे नेते. पुष्कळ घरांत भटजीपेक्षा तिचा शब्द मोठा. हा प्रकार किती जुना आहे ते पाहा. तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. विद्यापीठांत महदाइसेवर प्रबंध होतात, ते व्हायलाच हवेत. पण धवळ्यांचंच नाव सांगणारी गाणी तोंडपाठ असलेली बाई घणसोलीच्या किंवा दिवाळ्याच्या गावठाणात बसलेली असते आणि समोरच्या टॉवरमधल्या मराठीच्या प्राध्यापकाला तिचा पत्ता नसतो. मांडवात डीजे आला म्हणून धवले मागे पडले असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. डीजेला ऐकणारा लागत नाही. धवल्याला लागतो, शेवटपर्यंत बसणारा. तो उठून गेला म्हणून डीजेला जागा झाली.

आता विमानतळ. त्यासाठी दहा गावठाणं हलली: उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, ओवळे आणि इतर. उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालं. विमानतळ नको असं मी म्हणत नाही, मीही त्यातूनच प्रवास करणार आहे. मुद्दा इतकाच की जिथे टेकडी होती तिथे ती होती हे आता फक्त सांगूनच कळणार. डोळ्यांना दिसणारा पुरावा उरलेला नाही. पुढच्या पिढीतल्या मुलाला ती टेकडी हवी असेल तर कोणाच्या तरी तोंडून घ्यावी लागेल.

याच विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ ला लोकांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, हजारो माणसं बेलापूरला सिडकोवर चालून आली. शहरात नव्याने राहायला आलेल्या अनेकांना तो रस्ता बंद झाल्याचा त्रास तेवढा आठवतो. नावाचा एवढा आग्रह कशाला, असंही काही जण म्हणाले. त्यांना १९८४ कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

तर उरण तालुक्यातलं जासई. जमिनीच्या भावासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी दि. बां.च्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं, आणि संपादित जमिनीत मूळ मालकाचा वाटा हा विचार देशभर चर्चेला आला. आज या शहरातल्या कितीतरी इमारती त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. आपण त्यांत राहतो. दलालाच्या तोंडी ‘साडेबाराचा प्लॉट’ हा शब्द सहज येतो. त्या शब्दामागे पाच माणसं आहेत हे भाडेकराराच्या कागदात लिहिलेलं नसतं. अर्ज, मोर्चे, निवेदनं ही सगळी परत पाठवलेली पोथी होती. सरकारने ऐकलं ते रक्त सांडल्यावर.

त्याच्याही आधी चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात आठ सत्याग्रही मेले, तिथे आलेले मामलेदारही मारले गेले. खटला चालला, आणि आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते. फिर्यादीच्या कागदात तो दंगा आणि खून होता, गावाच्या तोंडी तो सत्याग्रह होता. एकाच सकाळच्या दोन गोष्टी. गावाने आपली गोष्ट दर वर्षी त्या तारखेला जमून पुन्हा ऐकली म्हणून ती टिकली. सांगणारे बदलत गेले, ऐकणारं गाव तेच राहिलं.

भूमिपुत्रांपुरतंच हे सांगून मी थांबलो तर अन्याय होईल. १९८० च्या दशकापासून मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागे माथाडी आले, बरेचसे सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून झालेला १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या घरात पुराणासारखा सांगितला जातो. घणसोली-कोपरखैरण्यात आगऱ्यांची गावठाणं आणि माथाड्यांच्या वसाहती शेजारीशेजारी आहेत. एकाची जमीन गेली, दुसऱ्याच्या पाठीवर गोणी आली, दोघेही लढून इथवर पोचले. पण एकाच्या लढ्याची गोष्ट दुसऱ्याच्या घरात किती वेळा सांगितली गेली असेल? केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेशातून आलेल्या शेजाऱ्यांचं तर विचारूच नका. सोसायटीच्या सभेत आपण पाण्याच्या टाकीवर तास तास बोलतो.

हल्ली कंपन्यांत स्टोरीटेलिंगच्या कार्यशाळा होतात. माल विकायचा तर गोष्ट सांगा, नोकरी हवी तर स्वतःची गोष्ट सांगा. शिकवू देत बापडे. सगळेच सांगायला शिकले की समोर कोण बसणार, एवढीच माझी शंका आहे.

गोष्ट माणसाला जोडते, शहाणं करते, असं आपण ठोकून देतो. गोष्ट माणसाला मारतेही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. डौर वाजवत, नाथांच्या कथा गात दारोदार फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. म्हणजे एका खोट्या गोष्टीने गोष्टी सांगणाऱ्यांच्याच वंशातली पाच माणसं मारली. एकेकाळी अशी माणसं दारात आली की बायका त्यांना विचारत, बाबा कुठले तुम्ही, कोणत्या नाथाचे? राईनपाड्याला तो प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ जमावाला नव्हता. जो संदेश पुढे ढकलतो तो श्रोता नव्हे. श्रोता विचारतो: कोणी पाहिलं? तुला कोणी सांगितलं?

हे विचारणं मराठी गद्याच्या जन्मापासून आपल्याकडे आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा तो ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं होतं अशांकडे गेला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि पाठ असणाऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. एकाच लीळेचा पाठ दोघांनी वेगळा सांगितला तर दोन्ही पाठ, कोणाचा कुठला ते सांगून, नोंदवलेले सापडतात. कुठलाच दडपला नाही. ‘लीळाचरित्र’ हे मराठीतलं पहिलं मोठं गद्य, आणि ते एका चांगल्या श्रोत्याचं काम आहे. आपल्या भाषेचा पाया कान देणाऱ्यांनी घातला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

या शहराला आता म्हाइंभट हवेत. त्यासाठी अनुदान लागत नाही, समिती तर नकोच. १९८४ साली विशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून गेली आहेत. उलव्याची टेकडी चढलेल्या बायका तरघरच्या, कोपरच्या पुनर्वसनातल्या घरांत राहतात. शंभर धवले पाठ असलेल्या धवलारणी त्यांच्याहूनही म्हाताऱ्या आहेत. इथल्या कॉलेजांच्या मराठी विभागांनी प्रकल्पाच्या वह्या इंटरनेटवरून उतरवून घेण्यापेक्षा मुलांना एकेका गावठाणात पाठवावं. महापालिकेच्या वाचनालयांनी तिथे केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी एक कपाट मोकळं करावं. आणि तुम्ही, जे आज इतका वेळ बसून माझं ऐकलंत, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आहे. येत्या रविवारी आपल्या सेक्टरला लागून असलेल्या गावात जा. ओळख सांगा, परवानगी घ्या, विचारा, आणि मग मध्ये बोलू नका. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा. बोली आगरी असेल तर ती सुधारून पुस्तकी करू नका. आणि निघताना पुढच्या रविवारची वेळ मागून घ्या, कारण पहिल्या भेटीत कोणी खरं काही सांगत नसतं.